छापखान्यावरची खोली

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आक्काचे आशीर्वाद, नेहमीचेच.

नाही, मला नाटक कळत नाही म्हणून मी येत नाही, असं काही नाही. असं कुणी विचारलेलं नाही, ठाऊक आहे मला. पण तुझ्या मनात काय आहे ते मला इथे इस्त्री फिरवताना ऐकू येतं. लॉन्ड्री बंद ठेवून यायला जमत नाही, एवढंच. हॉटेलवाल्यांच्या चादरी कुणाच्या नाटकासाठी थांबत नाहीत.

तुझं पत्र मिळालं. केवढं ते! निम्म्यात मावलं असतं. दातांच्या डॉक्टरची बायको शेवटच्या प्रवेशाला कात्री लावलीस म्हणून रुसून मंडळ सोडून गेली, ते बरंच झालं. मागच्या नाटकात रडताना ती खाली बसलेल्या नवऱ्याकडे बघत होती. पण तिच्या जागी तू कुजबुजीला उभी केलीस हे वाचलं आणि मी इस्त्री बाजूला ठेवली. अरे, तुझी बायको लग्न झाल्यापासून विंगेत बसून तुम्हाला वाक्यं पुरवते आहे. मंडळातल्या लोकांनी गमतीने कुजबुज म्हटलं, तेच घरात चिकटलं, आणि मी पण तेच म्हणते. तिचा मोठा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. घरी पाहुणे आले की तू त्यांची नावं विसरणार, आणि ती तुझ्या खांद्यामागून हळूच सांगणार. आता तिलाच पुढे ढकललंस तर मागून सांगणार कोण? तुझ्यासाठी म्हणते मी. तिला सगळं पाठ असणारच.

गोष्ट तू सांगितलीस ती समजली. जुनं नाटक आहे, देशोदेशी होतं. नवरा बायकोला दिवाणखान्यातल्या फुलदाणीसारखी मांडून ठेवतो, आणि शेवटी ती पिशवी उचलून चालू लागते. तू म्हणे तो शेवट बदललास. दारातून ती वळते, परत येते, पडदा. लोकांना घरी जाऊन झोप लागली पाहिजे म्हणतोस. लागू दे.

आता कामाचं. मावशी दात दाखवायला तुमच्या गावी आली होती. छापखान्याच्या गल्लीत तिला कुजबुज दिसली. भर दुपारी. शेजारच्या जिन्यावरून खाली येत होती, हातात किल्ली. खाली एक माणूस उभा, त्याच्या हातांना शाई. दोघं बोलत बोलत आत गेले. मावशीने हाक मारली, हिने मागे वळून पाहिलं नाही. मावशीला दिसतं अर्धं आणि सांगते दुप्पट, हे मला माहीत आहे. पण अर्धं तरी दिसलंच ना? डोळे उघडे ठेव.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.
तुझी आक्का


ता. ९ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि इतका हसलो की शेजारच्या टेबलावरून पाण्याचा ग्लास आला. आक्का, तू पोलिसात जायला हवी होतीस, चादरींच्या मागे उगाच जन्म घालवलास. अगं, छापखान्यात ती प्रयोगाची तिकिटं आणि हस्तपत्रकं घेऊन जाते. मीच पाठवतो. शाई लागलेला माणूस छापखान्यात नाही तर कुठे भेटणार?

ते सोड. ती काय तयार झाली आहे म्हणून सांगू! मी मंडळातल्या सगळ्यांना घसा फोडून सांगतो की लेखकाच्या वाक्यात आपलं काहीतरी मिसळा, नाहीतर ते वाक्य परकं वाटतं. बाकीच्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही, हिच्या शिरलं. रविवारी मी दाढी करत होतो. गालाला साबण, हातात वस्तरा. ही दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की मी एक खोली घेतली आहे, छापखान्याच्या वर आहे, नळ गळतो पण उजेड चांगला आहे, पुढच्या महिन्यापासून मी तिकडे राहणार. अंगावर काटा आला माझ्या! साबणासकट वळलो आणि माझं वाक्य टाकलं, की माझ्यावाचून तुझा एक दिवस निघायचा नाही. मग म्हटलं, वा, फक्त नळानंतर जरा थांब, प्रेक्षकांना तो नळ दिसू दे. ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. काय बघणं होतं ते! मी म्हटलं, हेच, हेच धरून ठेव, प्रयोगाला असंच हवं.

आणि तुझी ती किल्ली. ती मी स्वतः पाहिली आहे, निश्चिंत राहा. परवा जेवताना तिनेच टेबलावर ठेवली. इतकी अस्सल वस्तू आमच्या मंडळाला आजवर मिळाली नव्हती. लगेच उचलून नाटकाच्या पेटीत टाकली. शेवटच्या प्रवेशात ती टेबलावर ठेवायची, असं नक्की केलं आहे.

काळजी आहे ती माझीच. शेवटचं लांबलचक भाषण मला अजून बसत नाही. विंगेत आता पोस्टातून निवृत्त झालेले एक काका बसतात. ते वाक्य सांगतात ते आधी शेवटच्या रांगेला ऐकू जातं आणि मग मला. घरी अडलो की ही आहेच.

येशील तर मला बरं वाटेल. आपला लोभ राहो, संशय थोडा कमी होवो.
तुझा धाकट्या


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कुठल्या नाटकात नळ गळतो?

तू मला ती गोष्ट दोनदा सांगितली आहेस, एकदा पत्रात आणि एकदा मावशीच्या घरी सगळ्यांना जेवणावर ताटकळत ठेवून. त्यात नळ नव्हता. छापखाना नव्हता. देशोदेशी होणाऱ्या नाटकात तुमच्या गल्लीतली खोली कुठून आली? तू म्हणतोस आपलं काहीतरी मिसळलं. मी म्हणते, त्यात लेखकाचं काय होतं ते दाखव. सगळं तिचंच होतं.

तोंडावरचा साबण धू आणि तिला नीट विचार. नाटक बाजूला ठेवून. कुठे जाते, कुणाकडे जाते, तो शाईवाला कोण. मला त्यात काहीतरी आहे असं वाटतं आणि मला वाटतं तेव्हा बहुतेक असतं. कौतुक करून काही कळत नाही, विचारून कळतं. तुला विचारायला लाज वाटत असेल तर मला वाटत नाही. मी तिला आजच लिहिते आहे. तुझी परवानगी मागत नाही, कळवते.

आक्का


ता. १३ फेब्रुवारी

चि. सौ. कुजबुजीस,
आशीर्वाद.

तुला मी असं पत्र कधी लिहिलं नाही, तर घाबरून जाऊ नकोस. मला गोल गोल लिहिता येत नाही. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे पाल्हाळ शिकायचा राहून गेला.

किल्ली कसली? खोली कशाला? शाईवाला कोण? धाकट्या हात उचलतो का, पितो का, बाहेर काही आहे का? तुझं काही आहे का? असेल तर असेल म्हण, मी चक्कर येऊन पडणाऱ्यातली नाही. फक्त सगळं ठीक आहे असं लिहू नकोस. सगळं ठीक असलेल्या बाईच्या हातात परक्या जिन्याची किल्ली नसते.

त्याला दाखवायचं पत्र वेगळं लिही, मला वेगळं.
तुझी वन्सं


ता. १८ फेब्रुवारी

ती. वन्संना,
वाकून नमस्कार.

तुम्ही सरळ विचारलंत, मला बरं वाटलं. घरात मला असं कुणी काही विचारत नाही.

माणूस आहे. तुमच्याहून वयाने मोठा आहे आणि त्याला फार कमी ऐकू येतं.

छापखान्यात पान छापायच्या आधी चुका तपासतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या पानावर बोट फिरवत जायचं. स्वल्पविराम आला तरी तोंडाने स्वल्पविराम म्हणायचं. तपासणारे आजोबा जुने आहेत, नजर अजून ससाण्याची, पण कान गेलेले. त्यांच्याकडे वाचायला कुणी टिकत नव्हतं. मागच्या नाटकाची तिकिटं छापायला मी गेले तेव्हा ते तिथे हाकांवर हाका मारत होते की कुणीतरी वाचा रे. मी एक पान वाचलं. त्यांनी विचारलं की कुठे किडा गुणगुणतोय का. मग मी जोरात वाचलं. ते म्हणाले, आता कळलं की बाई आहे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. गेल्या पावसाळ्यापासून रोज जाते. आता माझा आवाज मागच्या यंत्रापर्यंत पोचतो. संध्याकाळी घसा बसलेला असतो, ह्यांना वाटतं तालमीने बसला. वरची खोली रिकामी होती. माझ्या पगारात तिचं भाडं भागतं.

हे हात उचलत नाहीत, पीत नाहीत, बाहेर काही नाही. चांगले आहेत. अडलं की माझ्याकडे बघतात. एरवी नाही. एवढंच आहे. कुणाला सांगायला गेलं तर एवढंसं वाटतं, म्हणून सांगितलं नाही. पण वन्सं, माझ्या तोंडून आजवर जे निघालं ते सगळं दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं होतं, तेही हळू.

जायचं ठरलं आहे. पण चोरासारखं जायचं नाही. मी जाते आहे हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकायला हवं, तेवढं एकच अडलं आहे. दाढी करताना सांगितलं, तर नळानंतर थांब म्हणाले. तालमीहून येताना रस्त्यात सांगितलं, तर आवाज जरा खालून काढ म्हणाले. किल्ली समोर ठेवली, तर ती पेटीत गेली. मला खोलीच्या मालकाकडून दुसरी मागून आणावी लागली, ते फार हसले. चिठ्ठी ठेवून जावं म्हटलं, तर ती ते मंडळात वाचून दाखवतील.

तुम्ही मला थांबवाल अशी मला शंका आहे. थांबवू नका.

आजवर होता तसाच लोभ ठेवा, एवढं मागते.
तुमची
कुजबुज


ता. २७ फेब्रुवारी

चि. सौ. कुजबुजीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि विश्वास ठेवला नाही. बहिऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट फारच सोयीची वाटली मला. म्हणून सोमवारी, आमचं दुकान बंद असतं, न कळवता येऊन गेले. तुला भेटले नाही. भेटायला आलेच नव्हते, बघायला आले होते.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. मला वाटलं कुणीतरी भांडतंय. कान देऊन ऐकलं तर बटाट्याच्या रोगांवर काहीतरी चाललं होतं. पानांवर काळे डाग दिसताच, स्वल्पविराम, रोप उपटून टाकावे, पूर्णविराम. समोरच्या सायकलवाल्याला विचारलं की हे काय, तर म्हणाला की रोजचंच आहे, मागच्या महिन्यात वकिलीचं पुस्तक होतं, त्यापेक्षा बटाटे बरे. मग खिडकीतून डोकावले. म्हातारा कानाला हात लावून बसलेला, तू उभी. तूच आहेस हे ओळखायला मला वेळ लागला.

तर शाईवाल्याचं मिटलं. बाकीचं मिटलेलं नाही. बाईने घर सोडावं की सोडू नये, हे मला विचारू नकोस. मला अजून पटलेलं नाही, आणि धाकट्या माझा भाऊ आहे, कुणी दुसऱ्याने त्याला नावं ठेवली तर मी त्याच्या अंगावर जाईन. पण तू तीनदा सांगितलंस आणि त्याने तीनदा दाद दिली, ह्याला काय म्हणावं? भिंतीला सांगितलं असतं तर निदान टाळ्या तरी पडल्या नसत्या.

म्हणून एवढंच सांगते. तू जागा चुकते आहेस. घरी तो दिग्दर्शक, मंडळात दिग्दर्शक, रस्त्यात पण दिग्दर्शक. कचेरीत नाही. विमा कंपनीत समोर बसलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचा त्याला पगार मिळतो. तिथे जा. टोकन घे, सगळ्यांबरोबर बाकावर बस, नंबर लागला की समोरच्या खुर्चीत बस आणि सांग. चहा मागवायला लागला तर घेऊ नकोस, घरगुती होईल. बोलायचं काय ते मी सांगत नाही, ते तुझं तुला येतं.

वरच्या खिडकीला पडदा नाही. लाव.

तुझी वन्सं


ता. ११ मार्च

ती. आक्कास,
नमस्कार.

हे पत्र मी कसं लिहितो आहे ते माझं मला माहीत. ती गेली. आणि तुला आश्चर्य वाटणार नाही, असा मला संशय आहे.

बुधवारी कचेरीत गर्दी होती. मी मान खाली घालूनच पुढच्या माणसाला पॉलिसीचा नंबर विचारला. उत्तर आलं की पॉलिसी नाही, खोली आहे. वर बघतो तर ही! हातात टोकन. मी हसून म्हटलं, अगं इथे कशाला, आणि चहा मागवायला लागलो. नको म्हणाली. मग जे घरी सांगितलं होतं तेच सगळं पुन्हा सांगितलं, खोली, नळ, उजेड, शिवाय छापखान्यातलं कामही. मोठ्याने, आक्का. बाकावरची माणसं ऐकत होती. ती म्हणाली की प्रयोगानंतर मी जाणार आहे, हे नाटकातलं नाही, मी तुम्हाला सांगते आहे.

मी बोलायला तोंड उघडलं आणि काही आलं नाही. तेच वाक्य, माझ्यावाचून तुझा एक दिवस निघायचा नाही, रोज म्हणतो ते, तेसुद्धा नाही. सवयीने तिच्याकडे बघितलं. तिला ते वाक्य येतं, आक्का! आजवर हजार वेळा तिने मला सावरून घेतलं आहे. ती ओठ मिटून बसली. मी बघतो आहे, ती बघते आहे, मागचा माणूस खाकरतो आहे. शेवटी शिपायाने पुढचा नंबर पुकारला. उठताना म्हणाली की शनिवारच्या प्रयोगाला मी येणार, तो शब्द दिलेला आहे.

आली. दुपारचा प्रयोग होता. असं काम मी आमच्या मंडळात पाहिलेलं नाही. शेवटी दारापर्यंत गेली, वळली, परत आली, मी सांगितलं होतं अगदी तसं. लोक उभे राहिले. मला वाटलं, मिटलं सगळं. पडदा पडताच मी म्हटलं, बघ, वळलीस ना? तर म्हणाली की तो तुमचा शेवट होता, तुम्हाला हवा तसा करून दिला. तोंडाचा रंग पुसला, मंडळाचे कपडे घडी करून ठेवले आणि सगळ्यांच्या देखत मागच्या दाराने बाहेर पडली. अजून ऊन होतं. पोस्टाचे काका मला म्हणाले की थांबवा तिला. मी काय म्हणून थांबवू, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आता मला खरं सांग. कचेरीत यायची युक्ती तिची नव्हे. ती आपलं आपण असं काही करणारी नाही. कुणीतरी शिकवलं आहे. छापखान्यातला तो म्हातारा? की दातांच्या डॉक्टरची बायको, माझ्यावर डूख धरून? की तू? तुझी तिला पत्रं जात होती, हे पोस्टाच्या काकांना जुन्या ओळखीतून कळलं आहे.

असो. मी दोनदा त्या जिन्यापर्यंत जाऊन आलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की पुढचं सुचत नाही. घरात कुणाशी बोलावं तर आवाज भिंतीला लागून परत येतो. काल मोठ्या साहेबांच्या पत्नी भेटल्या, त्यांचं नाव आठवेना, तर मी मागे वळून बघितलं.

तिला काय ऐकायचं आहे ते तुला ठाऊक असणार. मला कळव. नुसता आशय नको, शब्द न् शब्द लिही. मी पाठ करून जाईन.

तुझ्या पत्राची वाट बघतो.
तुझा धाकट्या


ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत.

हो, मीच. कचेरीत जा म्हणून मीच सांगितलं. म्हाताऱ्यावर आणि डॉक्टरच्या बायकोवर उगाच आळ घेऊ नकोस. पण जागा मी सांगितली, बोलणं नाही. बोलणं तिचं होतं. ती आपलं आपण काही करणारी नाही म्हणतोस, तर ती काम धरून बसली, खोली घेतली, तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. तू तर तिच्या शेजारी झोपत होतास.

तुझ्या पत्राच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग आहे. तो डोळ्यांतला की ग्लासातला, ह्याची मला शंका आहे. घरातला आवाज भिंतीला लागून परत येतो हे वाक्य पण तू लिहिल्यावर एकदा मोठ्याने वाचून बघितलं असशील. खोटं म्हणत नाही मी. दुःख झालं असेल, होणारच. पण दुःखातसुद्धा तू बसलेल्या लोकांकडे बघतोस, ही तुझी खोड आहे आणि ती मला लहानपणापासून दिसते.

चादरी आल्या आहेत, मला वेळ नाही. ती परत येईल का, हे मला माहीत नाही. तू गेलास तर दार उघडेल, असं मला वाटतं, कारण ती घाबरून लपलेली नाही. काय बोलायचं म्हणून विचारतोस. दार वाजव आणि आधी

मी सांगायला लागले होते. पुढची ओळ खोडली आहे. उजेडात धरून वाचायला बघशील, तर दिसणार नाही, चांगली गिरगटून टाकली आहे.

तुझं तोंड आहे, तुझी बायको आहे, जिना तुला माहीत आहे. ह्यावर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस. पाठवलंस तर ते चादरींबरोबर धुवायला टाकीन. मी काही सांगणार नाही.

आक्का